लॉरेन्सला वाचवता आलं नाही, पण त्या डॉक्टरने लाखो दुचाकीस्वारांना हेल्मेट घालायला लावलं

१३ मे १९३५. इंग्लंडच्या डॉर्सेट भागातला एक साधा गावाकडचा रस्ता. एक माणूस आपल्या ब्रफ सुपिरियर मोटारसायकलवरून घरी चालला होता. पुढे सायकलवर दोन मुलं होती. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली, तोल गेला आणि तो डोक्यावर आपटला. हेल्मेट नव्हतं.

हा माणूस म्हणजे टी. ई. लॉरेन्स. जग त्याला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखायचं. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी तो गेला.

त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये एक तरुण सर्जन होते, ह्यू केर्न्स. मेंदूची शस्त्रक्रिया करणारे इंग्लंडमधले ते मोजक्या लोकांपैकी एक. पण लॉरेन्सच्या मेंदूला इतका मार बसला होता की त्यांच्याही हातात काही उरलं नव्हतं.

कोण होते हे केर्न्स?

केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. जन्म १८९६ चा, पोर्ट पिरी गावातला. अॅडलेडमध्ये डॉक्टरकी शिकले, पहिल्या महायुद्धात सैन्यात राहिले आणि ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला आले. १९२६ मध्ये ते अमेरिकेत बोस्टनला हार्वी कुशिंग यांच्याकडे गेले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शास्त्र उभं करणाऱ्यांमध्ये कुशिंग यांचं नाव सगळ्यात वर होतं. तिथून केर्न्स परतले ते न्यूरोसर्जन होऊनच. १९३७ मध्ये ते ऑक्सफर्डला सर्जरीचे प्राध्यापक झाले.

लॉरेन्सच्या मृत्यूने त्यांच्या मनात एक प्रश्न रुजवला, असं मानलं जातं. आपटल्याच्या क्षणी मेंदूच्या ज्या पेशी मेल्या, त्या कुठलाही सर्जन परत आणू शकत नाही. मग तो मारच कमी करता येईल का?

आकडे बोलले

दुसरं महायुद्ध सुरू झालं. बॉम्बहल्ल्याच्या भीतीने ब्रिटनमध्ये रात्री दिवे बंद असायचे. त्या अंधारात सैन्याचे निरोपे मोटारसायकलवरून धावत होते आणि मरत होते. केर्न्स यांनी नोंदी काढल्या. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. डोक्याचा मार हे त्यातलं मोठं कारण होतं. हेल्मेट घालूनही जखमी झालेले फक्त सात जण त्यांच्या पाहण्यात आले आणि ते सातही जण वाचले होते.

सात हा आकडा लहान होता, पण इशारा स्पष्ट होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश सैन्याने कामावर असलेल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

पहिला मार आणि दुसरा मार

जे आधीच जखमी झाले होते, त्यांच्यासाठी ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजमध्ये १९४० साली डोक्याच्या जखमांचं खास लष्करी रुग्णालय उभं राहिलं. युद्ध संपेपर्यंत तिथे १३ हजारांहून जास्त रुग्णांवर उपचार झाले. सर्जन आणि त्यांचं सामान गाडीत घालून थेट रणभूमीजवळ न्यायची फिरती पथकंही केर्न्स यांनी उभी केली.

एवढी घाई का? कारण डोक्याला मार दोनदा बसतो. पहिला आपटल्याच्या क्षणी. दुसरा नंतरच्या तासांमध्ये. कवटीच्या आत रक्त साचतं, सूज येते, श्वास नीट नसेल तर ऑक्सिजन कमी पडतो आणि उघड्या जखमेत जंतू शिरतात. पहिला मार पुसता येत नाही, दुसरा मात्र थांबवता येतो.

म्हणूनच अपघातानंतर माणूस उठून बसला, बोलला, म्हणजे सुटला असं नसतं. कधीकधी तो तासाभराने गुंगीत जायला लागतो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं, ही सगळी धोक्याची चिन्हं. यातलं एक जरी दिसलं, तरी झोपू दे, सकाळी बघू असं म्हणायचं नसतं.

शुद्धीवर असलेला जनरल

९ डिसेंबर १९४५. युद्ध संपलं होतं. अमेरिकेचे प्रसिद्ध जनरल जॉर्ज पॅटन जर्मनीत मॅनहाइमजवळ मोटारीतून चालले होते. गाडी एका लष्करी ट्रकला धडकली. वेग फार नव्हता. सोबतच्यांना जवळजवळ काहीच झालं नाही. पॅटन मात्र पुढे आपटले आणि त्यांच्या डोक्यातून रक्त वाहायला लागलं.

बघणाऱ्याची नजर रक्ताकडेच जाणार. पण खरी दुखापत मानेत होती. मानेचे मणके मोडून सरकले होते. पॅटन पूर्ण शुद्धीवर होते, बोलत होते, फक्त मानेखालचं शरीर हलत नव्हतं.

केर्न्स यांना ऑक्सफर्डहून विमानाने हायडेलबर्गच्या रुग्णालयात आणलं गेलं. मणके सरळ राहावेत म्हणून मानेला ताण देण्यात आला. पण आतला मज्जारज्जू सांधता येत नव्हता. २१ डिसेंबरला फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून पॅटन गेले.

लॉरेन्स बेशुद्ध होता, पॅटन शुद्धीवर. दोन्ही दुखापती जीवघेण्या. म्हणून डोक्याला जोरात मार लागला की मानेलाही लागलंय असंच धरून चालायचं. मान किंवा पाठ दुखणं, हातापायाला मुंग्या, बधीरपणा, ताकद जाणं ही त्याची लक्षणं. बेशुद्ध माणूस तर काही सांगूच शकत नाही.

अशा वेळी आपल्याकडे चार जण हातपाय धरून जखमीला उचलतात आणि रिक्षात कोंबतात. मोडलेला मणका त्या हिसक्याने सरकू शकतो. आग किंवा अंगावर येणारी वाहनं असा धोका नसेल तर त्याला आहे तिथेच ठेवा, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. पाणी पाजू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. उलटी होत असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा. श्वास बंद असेल तर मात्र आधी श्वास, मग बाकी सगळं.

हायडेलबर्ग, पुन्हा एकदा

केर्न्स यांच्याच ऑक्सफर्डच्या विभागात जर्मनीतून आलेले एक ज्यू निर्वासित डॉक्टर काम करायचे, लुडविग गुटमान. १९४४ मध्ये त्यांनी स्टोक मँडेविल इथे मणक्याच्या रुग्णांचं केंद्र सुरू केलं. तिथल्या खेळांतूनच पॅरालिम्पिक जन्माला आलं. १९७२ ची पॅरालिम्पिक झाली हायडेलबर्गमध्ये. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं, ते याच शहरात.

हे पाहायला केर्न्स नव्हते. १८ जुलै १९५२ रोजी, ५६ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. ब्रिटनमध्ये सगळ्याच मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं १९७३ मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखानंतर ३२ वर्षांनी.

भारतातही मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतं. तरी ते आरशाला किंवा कोपरात लटकलेलं दिसतं. केर्न्स यांनी सैन्याला जे पटवलं ते एवढंच होतं, की मेंदूवरचा सगळ्यात चांगला उपचार अपघाताच्या आधी होतो.