संत जोसेफ वाझ आणि कँडीतील देवीची साथ

आमच्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या लंकास्वारीचे भव्य चित्र आहे. हत्ती, घोडे व शस्त्रधारी शिपाई यांनी भरलेल्या नौका त्यात दिसतात. ज्या सत्पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत, तेही समुद्र ओलांडून लंकेतच गेले, परंतु इ. स. १६८७ मध्ये, मजुराच्या वेषात, एका सेवकासह.

फादर जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. १६७६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. लंकेच्या किनारपट्टीवर डचांनी कॅथलिक उपासनेस बंदी केली असून तेथील भाविकांस एकही धर्मगुरू उरला नाही, हे ऐकून त्यांनी तिकडे जाण्याचा निश्चय केला. जाफन्यास पोहोचतात तोच हगवणीने त्यांस घेरले. रोग पसरेल या भीतीने लोकांनी त्यांस वस्तीबाहेर ठेवले व कोणा दयाळू स्त्रीने पेज पाजून जगविले, अशी हकीकत चरित्रकार देतात. पुढील प्रसंग वाचताना वाचकांनी ही पेज ध्यानी ठेवावी.

१६९२ साली ते डोंगरातील कँडीच्या राज्यात गेले. तेथे पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस बंदीत टाकण्यात आले. त्या बंदिवासात त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली, आणि हळूहळू राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा संशय फिटला.

१६९७ साली कँडीत देवीची साथ उद्भवली. देवी म्हणताच आपल्या आजे-पणजांच्या अंगावर काटा येई, तो उगाच नव्हे. जेन्नरची लस निघावयास अद्याप ९९ वर्षे होती. राजा व धनिक मंडळी नगर सोडून गेली. घरच्यांनीच आपले रोगी रानात नेऊन टाकले. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर कार्व्हालो हे मात्र मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, अन्नपाणी दिले, जखमा धुतल्या, मृतांस मूठमाती दिली. ख्रिस्ती कोण व बौद्ध कोण, हे पाहिले नाही. बरे करण्याचे औषध त्यांच्यापाशी नव्हते, हे आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते. पण ज्यास पाणी देणारा कोणी नाही, असा रोगी पुष्कळदा रोगाआधी तहानेनेच मरतो.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांस संतपद दिले.