सरखेल कान्होजी आंग्रे

दिवाळीत मी मालाडला आत्याकडे गेलो होतो. तिथून आम्ही मार्वेला समुद्र बघायला गेलो. तिथे नौदलाचे आय. एन. एस. हमला हे ठाणे आहे. तेव्हा आतेभाऊ म्हणाला, की इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना चाचे म्हटले आहे. चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू. मला रागच आला. म्हणून ही माहिती लिहिली.

कान्होजींचे मूळ आडनाव संकपाळ. त्यांचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. राजाराम महाराजांच्या काळात कान्होजी आरमाराचे प्रमुख झाले. त्यांना सरखेल हा किताब मिळाला. मग राजाने नेमलेला माणूस चाचा कसा? कोकण किनाऱ्यावर व्यापार करायचा तर त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे लागे. इंग्रज ते मानत नसत. मग त्यांची जहाजे पकडली जात.

कान्होजींकडे गुराबा आणि गलबते होती. गुराब मोठी, तिच्यावर तोफा. गलबत लहान, वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढत न्यायची. इंग्रजांची मोठी जहाजे मात्र जागच्या जागी उभी! हे मला फार आवडते.

१७१८ साली इंग्रजांनी मुंबईहून येऊन खांदेरीवर हल्ला केला. जमले नाही. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन आमच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. तेव्हाही हात हलवीत परत गेले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. अलिबागला त्यांची समाधी आहे. मुंबईत नौदलाच्या एका ठाण्याला आय. एन. एस. आंग्रे असे नाव आहे. आतेभाऊ मे महिन्यात आमच्याकडे येणार आहे. त्याला मी समाधी दाखवणार आहे.