तीन वेळा पोकरचा वर्ल्ड चॅम्पियन झालेला स्टू उंगार गेला तेव्हा त्याच्याजवळ फक्त ८०० डॉलर होते

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या प्रत्येकावर ही वेळ येऊन गेलेली असते. पानं उचलली तर सिक्वेन्स लागलेला. आता पंचाईत. पहिल्याच फटक्यात मोठी चाल केली तर सगळे पॅक करून मोकळे होतात आणि आपल्या वाट्याला येतो फक्त बूट. बारीक चाल करत बसलं तर लोक टिकतात, पण पैसे वाढत नाहीत.

पोकरमध्ये हीच पंचाईत दुप्पट होते, कारण तिथं सगळी पानं एकदम येत नाहीत. सध्या सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डम. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. शेवटी एक, तो रिव्हर. म्हणजे फ्लॉपला तुमची पानं कितीही भारी असली तरी अजून दोन पानं यायची असतात. समोरच्याला स्वस्तात पुढचं पान बघू दिलं तर तो तुमच्या पुढे जाऊ शकतो.

टूर्नामेंट असेल तर अजून एक भानगड. चिप्स संपल्या की विषय संपला, माणूस घरी. आणि नुसतं गप्प बसूनही भागत नाही, कारण ब्लाइंड नावाची सक्तीची रक्कम प्रत्येक फेरीत भरावी लागते आणि ती ठरावीक वेळानं वाढत जाते. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या वडनेरकडं कापूस घरात भरून ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. माल चांगला आहे, भाव वाढेल म्हणून थांबावं, तर तिकडं वजन घटतं आणि कर्जाचं व्याज चढत राहतं. चांगला माल असणं वेगळं आणि तो कधी सोडायचा हे कळणं वेगळं.

हे ज्याला टेबलावर बसल्या बसल्या कळायचं असा एक माणूस होऊन गेला. स्टू उंगार.

८ सप्टेंबर १९५३ चा जन्म, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला. ज्यू कुटुंब. वडिलांचा बार होता, पण तिथं दारूपेक्षा जुगार जास्त चालायचा. पोरगा लहानपणापासून पत्ते बघतच मोठा झाला. त्याचा पहिला खेळ पोकर नव्हता, जिन रमी होता. दहाव्या वर्षी त्यानं जिनची स्थानिक स्पर्धा मारली. १९६७ साली वडील गेले, पुढं शाळाही सुटली. अंगानं एकदम किरकोळ, पण डोकं असं की कुठली पानं पडली आणि समोरच्यानं कधी काय उचललं हे सगळं लक्षात राहायचं. न्यूयॉर्कच्या माफियातल्या एका माणसानं त्याला पंखाखाली घेतलं, त्यामुळं जिंकलेले पैसे बुडवायची कुणाची हिंमत नव्हती.

पण जास्त चांगलं खेळण्याचाही तोटा असतो. काही वर्षांत त्याच्याशी जिन खेळायला कुणी तयारच होईना. शिवाय जिनमध्ये कमावलेलं तो घोड्यांवर उडवायचा, त्यामुळं डोक्यावर देणीही झालेली. सत्तरच्या दशकात तो लास व्हेगासला गेला. तिथंही जिनमध्ये तेच झालं, म्हणून तो पोकरकडं वळला. म्हणजे ज्या खेळानं त्याचं नाव जगभर झालं, तो त्याचा दुसऱ्या पसंतीचा खेळ होता.

व्हेगासमध्ये बिनियन्स हॉर्सशू नावाचा कॅसिनो होता. १९७० पासून तिथं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर भरायची. मुख्य स्पर्धेची एंट्री १०,००० डॉलर. १९८० साली ७३ जण उतरले, त्यात २६ वर्षांचा उंगार. होल्डममध्ये तो अगदीच नवखा. दिसायला इतका पोरगेला की लोक त्याला द किड म्हणायचे.

शेवटी दोघंच उरले. समोर होता डॉयल ब्रन्सन. १९७६ आणि १९७७ चा चॅम्पियन, पोकरवर जाडजूड पुस्तक लिहिलेला टेक्सासचा तगडा गडी. आता इथं जरा थांबून तो शेवटचा डाव बघू, कारण या लेखाचा सगळा मुद्दा त्यात आहे.

ब्रन्सनकडं एक्का आणि सत्ती. उंगारकडं पंजी आणि चव्वी. फ्लॉप उघडला: एक्का, सत्ती, दुर्री. ब्रन्सनला थेट दोन जोड्या लागल्या. उंगारकडं त्या क्षणी काहीच नाही. त्याला फक्त तिर्री आली तर एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी असा सिक्वेन्स लागणार होता. त्याला न दिसलेली पानं ४७, त्यात तिर्र्या ४. म्हणजे साधारण बारात एक संधी.

ब्रन्सननं सगळ्या चिप्स लावल्या नाहीत, बेताची पैज लावली. चुकलं का? माझ्या मते पूर्ण चूक म्हणता येणार नाही. तो ऑल-इन झाला असता तर उंगारनं पानं टाकली असती आणि ब्रन्सनला फार काही मिळालं नसतं. पण बेताच्या पैजेनं उंगारला परवडेल अशा भावात पुढचं पान मिळालं. उंगारचा हिशोब बारात एकचा नव्हताच. तिर्री आलीच, तर दोन जोड्या घेऊन बसलेला ब्रन्सन मागं हटणार नाही आणि त्याच्या सगळ्याच्या सगळ्या चिप्स आपल्या होतील, हा तो हिशोब. आज खर्च थोडा, उद्या मिळकत भरमसाट.

टर्नला तिर्री आली.

उंगारनं पैज लावली आणि आता ब्रन्सन ऑल-इन झाला. जे एक पान आधी करायला हवं होतं ते त्यानं एक पान उशिरा केलं. रिव्हरला अजून एक दुर्री आली, ती ब्रन्सनच्या उपयोगाची नव्हती. उंगार तोवरचा सगळ्यात तरुण चॅम्पियन झाला. बक्षीस ३,६५,००० डॉलर. पुढच्या वर्षी, १९८१ ला, ७५ जणांतून तो पुन्हा जिंकला आणि ३,७५,००० डॉलर घेऊन गेला.

उंगारची खरी खासियत मात्र भारी पानांत नव्हती. तो सतत पैजा लावायचा, हलक्या पानांवरसुद्धा. त्यामुळं त्याच्याकडं खरंच भारी पानं आली तरी समोरच्याला पटायचं नाही. बाकीचे चांगल्या पानांची वाट बघत बसायचे आणि हा तोवर छोटे छोटे डाव उचलून चिप्सचा ढीग करायचा. ढीग मोठा असला की एखादी मोठी पैज हरली तरी तुम्ही बाहेर जात नाही. समोरचा मात्र जातो. भीती त्याला, तुम्हाला नाही.

टेबलावरून उठला की हाच माणूस वेगळा व्हायचा. घोडे, फुटबॉल, गोल्फ, जे दिसेल त्यावर पैसे लावायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. तिथं समोरच्याचा चेहरा वाचायचा नसतो आणि पानंही मोजायची नसतात. त्यात कोकेन आलं. लग्न मोडलं. लहानपणापासून वाढवलेल्या सावत्र मुलानं आत्महत्या केली. त्यानंतर व्यसन हाताबाहेर गेलं.

१९९० ला काय झालं बघा. मुख्य स्पर्धेत तो चिप्सचा मोठा ढीग घेऊन पुढं होता. तिसऱ्या दिवशी टेबलावर आलाच नाही. हॉटेलच्या खोलीत तो ड्रगच्या ओव्हरडोसमुळं बेशुद्ध सापडला. नियमाप्रमाणं त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर पानं वाटली जात राहिली, परत घेतली जात राहिली आणि ब्लाइंड कापले जात राहिले. तरीही तो नववा आला. माणूस नसताना नुसत्या चिप्स नवव्या नंबरापर्यंत पोचल्या.

नंतरची काही वर्षं लोकांनी त्याला संपल्यात जमा केलं होतं. १९९७ ला बिली बॅक्स्टर या मित्रानं त्याची १०,००० ची एंट्री भरली, तीही अगदी शेवटच्या घडीला. नाकाची वाट लागलेली, ते झाकायला डोळ्यांवर निळ्या काचांचा गोल चष्मा, जवळ मुलीचा फोटो. ३१२ खेळाडू. फायनल टेबल फ्रीमाँट स्ट्रीटवर, भर उन्हात मांडलेलं.

शेवटच्या डावात समोर जॉन स्ट्रेम्प. त्याच्याकडं एक्का-अठ्ठी, उंगारकडं एक्का-चव्वी. फ्लॉप एक्का, पंजी, तिर्री. दोघांनाही एक्क्यांची जोडी, पण अठ्ठीमुळं स्ट्रेम्प पुढं. सगळ्या चिप्स आत गेल्या. या वेळी मागं होता तो उंगार. पण त्याचा ढीग कितीतरी मोठा होता, हरला असता तरी तो खेळात राहणार होता. टर्नला तिर्री आली, स्ट्रेम्प अजून पुढंच. उरलेल्या ४४ पानांत उंगारला जिंकवणारी फक्त ७ पानं: ४ दुर्र्या आणि ३ चव्व्या. रिव्हरला दुर्री आली. एक्का ते पंजी, १७ वर्षांपूर्वी ब्रन्सनला हरवणारा तोच सिक्वेन्स.

१० लाख डॉलर मिळाले. निम्मे बॅक्स्टरचे, निम्मे उंगारचे. त्याचे ५ लाख काही महिन्यांत ड्रग आणि बेटिंगमध्ये गेले. १९९८ ला बॅक्स्टर पुन्हा एंट्री भरायला तयार होता, पण स्पर्धा सुरू व्हायच्या थोडा वेळ आधी उंगारनं खेळणार नाही असं कळवलं आणि तो खोलीतून बाहेर आला नाही.

आपल्याकडं २०२५ च्या कायद्यानं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी आली. तोवर पोकर ॲपच्या जाहिराती रोज फोनवर दिसायच्या. त्यांत १९८० चा किड शोभून दिसला असता. त्याचं पुढचं काही त्यांत कधी आलं नसतं.

२२ नोव्हेंबर १९९८ ला लास व्हेगासमधल्या ओअॅसिस नावाच्या स्वस्तातल्या मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५. वर्षानुवर्षांच्या ड्रगमुळं हृदय निकामी झालं होतं. अंत्यविधीच्या खर्चासाठी ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढली. २००१ साली त्याचं नाव पोकर हॉल ऑफ फेममध्ये लागलं.