मास्तरीणबाई दातांची डॉक्टर होते

आपल्या बॅचमधून दातांचे तीन डॉक्टर झाले. बारावीच्या निकालानंतर त्या तिघांबद्दल सगळीकडे एकच वाक्य ऐकू यायचं, 'मेडिकल थोडक्यात हुकलं, म्हणून डेंटलला गेले.' आज आपल्यातल्या निम्म्या लोकांचे दात त्यांच्या ताब्यात आहेत, मुलांच्या दातांना तारा लावायच्या झाल्या की सगळ्यांना त्यांचीच आठवण होते, तरी ते 'हुकलं म्हणून' काही पुसलं गेलेलं नाही. गेट-टुगेदरमध्येही कुणीतरी ते गमतीत बोलून जातंच.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी ठरवलं, जिचं मेडिकल खरोखर हुकलं होतं अशा एका बाईची गोष्ट सांगायची. तिचं नाव लूसी हॉब्ज टेलर. दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी जगातली पहिली स्त्री. तिचं मेडिकल मार्कांमुळे हुकलं नव्हतं, ती बाई होती म्हणून हुकलं होतं. आणि दातांकडे वळण्याआधी तिने दहा वर्षं शाळेत शिकवलं होतं, म्हणून आपल्या सर आणि बाईंनाही ही गोष्ट जवळची वाटेल असं मला वाटतं.

लूसीचा जन्म १४ मार्च १८३३ चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॉन्स्टेबल नावाच्या खेड्यातला. दहा भावंडांत ती सातवी. ती लहान असतानाच आई गेली. भावंडांनी हातपाय हलवल्याशिवाय घर चालणार नव्हतं, त्यामुळे लूसी शिवणकाम करून चार पैसे मिळवू लागली. शिक्षण मात्र सुटलं नाही. जवळच्या मलोन गावातल्या फ्रँकलिन अॅकॅडमी या निवासी शाळेत ती शिकली आणि १८४९ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिथून बाहेर पडली.

त्या काळी शिकलेल्या मुलीला मोकळी असलेली नोकरी म्हणजे शिक्षिकेची. लूसीने ती घेतली. मिशिगन राज्यात ब्रुकलिन नावाचं एक छोटं गाव आहे (न्यूयॉर्कचं प्रसिद्ध ब्रुकलिन ते हे नव्हे). तिथे तिने दहा वर्षं शिकवलं. त्याच गावात एका डॉक्टरांकडे ती फावल्या वेळात शरीरशास्त्र आणि वैद्यक शिकू लागली. हळूहळू तिच्या मनाने घेतलं की आपण डॉक्टर व्हायचं.

१८५९ मध्ये नोकरी सोडून ती ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात आली. तिथल्या इक्लेक्टिक मेडिकल कॉलेजने पूर्वी स्त्रियांना प्रवेश दिला होता, म्हणून ती मोठ्या आशेने गेली. पण तोवर कॉलेजचं धोरण बदललेलं होतं. तिला नकार मिळाला. वय सव्वीस, हातातली नोकरी सोडलेली, शहर परकं.

त्या कॉलेजातल्या चार्ल्स क्लीव्हलँड या प्राध्यापकांनी तिला खासगी शिकवायची तयारी दाखवली आणि काही दिवसांनी एक सल्ला दिला, तू दातांचं काम शिक. वैद्यकापेक्षा हे काम बाईला जास्त झेपेल, असा त्यामागचा विचार होता. आजच्या कानांना यातला उपकाराचा सूर खटकतो. लूसीच्या जीवनयादीत दंतवैद्यक नव्हतंच. ते तिच्यापुढे आलं ते दुसरा पर्याय म्हणून.

हा पर्याय म्हणजे नेमकं काय होतं, हे समजायला त्या वेळचं दंतवैद्यक थोडं पाहू या. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज बाल्टिमोरला १८४० मध्ये निघालं. दुसरं सिनसिनाटीतलंच, ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी, १८४५ चं. पण दवाखाना थाटून बसलेल्या बहुतेकांनी कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नसे. कुणा अनुभवी माणसाकडे उमेदवारी करायची, हात बसला की स्वतःची पाटी लावायची, अशी रीत होती. बहुतेक ठिकाणी परवान्याचा कायदा नव्हता. दंतवैद्याचा धंदा एखाद्या बाईने करूच नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. कनेक्टिकट राज्यात एमलीन जोन्स ही बाई १८५५ पासून नवऱ्याच्या जोडीने हे काम करतही होती. थोडक्यात, धंदा करायला कुणाची आडकाठी नव्हती. अडत होतं ते शिकायला.

लूसी एकेका दंतवैद्याचं दार ठोठावू लागली. दवाखाना झाडायला, हिशेब लिहायला एखादी मुलगी चालली असती, पण विद्यार्थिनी कुणालाच नको होती. बाईमाणसाला हे काय सुचलं, असाच लोकांचा सूर होता. अखेर ओहायो डेंटल कॉलेजचे डीन जोनाथन टाफ्ट यांनी तिला स्वतःच्या दवाखान्यात शिकू दिलं, ते सुमारे तीन महिने. त्यानंतर सॅम्युएल वॉर्डल नावाच्या दंतवैद्याने तिला रीतसर उमेदवार म्हणून घेतलं. वॉर्डल स्वतः त्याच कॉलेजातून नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला होता.

दिवसभर वॉर्डलच्या दवाखान्यात काम आणि रात्री पोटासाठी शिवणकाम, असे लूसीचे ते दिवस गेले. या कामात शिकण्यासारखं पुष्कळ होतं. विजेचं यंत्र नव्हतं, पायाने चालवायचं यंत्रसुद्धा पुढे दहा वर्षांनी आलं. पोखरलेला दात हातातल्या अवजारांनी कोरून साफ करायचा. चांगलं भरण म्हणजे सोन्याचं. सोन्याचा अगदी पातळ वर्ख तुकड्यातुकड्याने दातातल्या पोकळीत ठासायचा. शुद्ध सोन्याचे थर नुसत्या दाबाने एकमेकांना चिकटतात, पण मध्ये लाळेचा थेंब गेला तर सगळी मेहनत पाण्यात. रोगी तोंड उघडून बसलेला, दंतवैद्य एकेक थर बसवतोय, असं ते काम तासन्‌तास चाले. रबराच्या कवळ्यांचा जमानाही नुकता सुरू झाला होता. तोंडाचा ठसा घेण्यापासून कवळी घासून बसवण्यापर्यंत सारं दवाखान्यातच व्हायचं. लहानपणापासून सुई हातात असलेल्या लूसीला बारीक कामाची आणि चिकाटीची सवय होती, ती इथे उपयोगी पडली असणार.

१८६१ मध्ये तिने ओहायो डेंटल कॉलेजकडे अर्ज केला. पुन्हा नकार, कारण तेच.

या वेळी मात्र तिने वेगळा हिशेब मांडला. कॉलेजात गेलेल्यांपेक्षा न गेलेले दंतवैद्यच जास्त आहेत, मग पदवीसाठी अडून कशाला बसायचं? वॉर्डलच्या सल्ल्याने १८६१ च्या वसंतात तिने सिनसिनाटीत स्वतःचा दवाखाना उघडला. तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि जम बसण्याआधीच शहरातली घडी विस्कटली. लूसी पश्चिमेकडे, मिसिसिपी नदीकाठच्या आयोवा राज्यात गेली. आधी बेलव्ह्यू आणि मग १८६२ पासून मॅकग्रेगर या गावात तिने दवाखाना चालवला. दात काढणारी बाई म्हणून आजूबाजूच्या मुलखात तिची ओळख झाली. सुरुवातीला काही जण नवल बघायला येत असतील, पण दुखरा दात नवलावर फार काळ समाधान मानत नाही. हात चांगला आहे हे कळल्यावर लोक पुन्हा पुन्हा येऊ लागले. तिथे तिने सुमारे ३,००० डॉलर कमावले, आणि ती त्या काळी एका गावातल्या दवाखान्यासाठी घसघशीत रक्कम होती.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला या चार वर्षांचं फार कौतुक वाटतं. आमच्या क्षेत्रात पदवीच्या कागदापेक्षा चालून दाखवलेलं काम मोठं, असं आम्ही मुलाखती घेताना म्हणतो, आणि तरीही पहिली चाळणी कागदाचीच लावतो. लूसीने ती चाळणी लागायच्या आधीच काम उभं करून दाखवलं.

त्या कामाची दखल आधी तिच्याच व्यवसायातल्या लोकांनी घेतली. जुलै १८६५ मध्ये आयोवा राज्याच्या दंतवैद्य संघटनेने तिला सभासद करून घेतलं. त्यासाठी संघटनेने आपले नियम बदलले. इंगरसोल या दंतवैद्यांनी तिची बाजू जोरात मांडली होती. इतकंच नाही, तर शिकागोला भरणाऱ्या अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या अधिवेशनाला संघटनेची प्रतिनिधी म्हणून तिला पाठवण्यात आलं. आता तिला नाही म्हणणं कॉलेजला सोपं राहिलं नाही. नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याच ओहायो कॉलेजने तिला प्रवेश दिला आणि तिचा आजवरचा अनुभव धरून थेट वरच्या वर्गात बसवलं. २१ फेब्रुवारी १८६६ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लूसी हॉब्ज डॉक्टर ऑफ डेंटल सर्जरी झाली. डीन टाफ्ट यांनी पुढे तिच्या अभ्यासाची आणि हाताची मनापासून तारीफ केली. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, ज्या १८६५ साली लूसी कॉलेजात बसली त्याच साली आपल्याकडे आनंदीबाई जोशी जन्माला आल्या होत्या.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आयोवाच्या संघटनेपुढे तिने एक निबंध वाचला. विषय होता सोनं ठासताना लहान मोगरी कशी वापरावी. पहिली स्त्री म्हणून आपल्याला काय वाटतं, असला विषय तिने घेतला नाही, कामाचा घेतला, हे मला विशेष आवडतं.

पदवीनंतर ती शिकागोला गेली. एप्रिल १८६७ मध्ये तिने जेम्स टेलरशी लग्न केलं. जेम्स युद्धात लढून आलेला, रेल्वेचे डबे रंगवण्याचं काम करणारा. लूसीतली मास्तरीण अजून जागी होतीच. तिने नवऱ्याला दंतवैद्यक शिकवलं आणि तोही दंतवैद्य झाला. वर्षअखेरीस दोघं कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी गेले. १८६३ च्या ऑगस्टमध्ये युद्धाच्या धुमश्चक्रीत हे गाव जाळून टाकलं गेलं होतं आणि दीडशेच्या वर पुरुष मारले गेले होते. राखेतून पुन्हा उभ्या राहणाऱ्या त्या गावात नवरा-बायकोचा दवाखाना चांगला चालला. बायका आणि मुलं बहुतेक लूसीकडे येत.

१८८६ मध्ये जेम्स गेला. त्यानंतर लूसीने दवाखान्याचं काम बरंच कमी केलं आणि गावातल्या संस्थांमध्ये, स्त्रियांच्या मताधिकाराच्या कामात लक्ष घातलं. ३ ऑक्टोबर १९१० रोजी लॉरेन्समध्येच तिचं निधन झालं. तिच्या पदवीनंतर तीन वर्षांत, १८६९ मध्ये, हेन्रिएट हिर्शफेल्ड ही जर्मन स्त्री फिलाडेल्फियातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन बर्लिनला परतली. १९०० पर्यंत अमेरिकेत जवळजवळ एक हजार स्त्रिया या व्यवसायात आल्या होत्या. १९८३ पासून अमेरिकेतल्या स्त्री दंतवैद्यांची संघटना लूसीच्या नावाने पुरस्कार देते.

अशी गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, होतं ते बऱ्यासाठीच होतं. मेडिकल कॉलेजने नाकारलं नसतं तर ती इतिहासात गेली असती का? मला हे पटत नाही. नाकारणाऱ्यांनी तिचं भलं केलं नाही. त्यांनी तिची सहा वर्षं खाल्ली, आणि तिच्यासारख्या ज्या मुली पहिल्या नकारानंतर घरी परतल्या त्यांची तर आयुष्यं खाल्ली. दुसऱ्या वाटेने गेलेलं माणूस पुढे गेलं की त्याचं श्रेय बंद दाराला देऊ नये. ते द्यायचं तर त्या माणसाच्या कष्टांना द्यावं, आणि ज्या थोड्यांनी आपल्या हातातलं दार किलकिलं केलं त्यांना द्यावं.

ते थोडे म्हणजे कोण? तीन महिने आपल्या दवाखान्यात जागा देणारे टाफ्ट, सभेत उभं राहून बोलणारे इंगरसोल, आणि मला सगळ्यांत मोठा वाटतो तो वॉर्डल. ज्या विद्यार्थिनीला सगळं शहर नको म्हणत होतं, तिला त्याने शिकवायला घेतलं. त्याने त्या काळात कितीतरी दात काढले असतील, सोनं भरलं असेल, त्यातलं आता काही उरलेलं नाही. आज त्याचं नाव कुणी घेतलंच, तर ते त्याच्या या एका विद्यार्थिनीमुळे.