हातांनी शिकलेली भूमिती : डॉ. मारिया माँटेसरी

माँटेसरी हे नाव आज शहरोशहरी बालवाड्यांच्या पाट्यांवर वाचावयास मिळते. मात्र ज्या मुलांमुळे ही पद्धती जन्मास आली, ती मुले त्या पाट्यांमागील वर्गांत क्वचितच बसलेली दिसतात. ही खंत मनात ठेवूनच आम्ही हा जीवनपट वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील क्यारावाल्ले येथे, एका कॅथलिक कुटुंबात झाला. १८९६ साली त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. मनोरुग्णालयांत प्रौढ रुग्णांसमवेत कोंडलेली मतिमंद मुले त्यांनी पाहिली आणि या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असे त्यांचे मत झाले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी निघालेल्या संस्थेच्या त्या सहसंचालिका झाल्या.

सेगँ या फ्रेंच वैद्याच्या साधनांवरून त्यांनी आपली साधने घडविली. त्रिकोण, वर्तुळ, षट्कोन अशा लाकडी आकृत्या, प्रत्येकीला धरावयास गुंडी आणि बसवावयास नेमकी तेवढीच खाच. मूल बोटांनी आकृतीची कड चाचपते, मग खाचेची, आणि आकृती खाचेत ठेवते. चुकले तर ती बसतच नाही. बाईंना रागवावे लागत नाही. पुढे तीन प्रकारची कार्डे येतात : पहिल्यावर भरीव आकृती, दुसऱ्यावर जाड रेघ, तिसऱ्यावर बारीक रेघ. हातातली वस्तू अशी हळूहळू कागदावरची रेषा होते. व्याख्या पाठ न होणाऱ्या मुलालाही दोन त्रिकोण जुळवून चौरस घडलेला दिसतो. १९३४ साली त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

त्यांची काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. मारियाबाईंना मात्र प्रश्न पडला, की मग धडधाकट मुलांच्या शाळांत काय बिघडले आहे? याच प्रश्नातून ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणादिवशी, सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले.

इतरांच्या मुलांसाठी झिजणाऱ्या या मातेला स्वतःचे मूल मात्र दूर ठेवावे लागले. १८९८ साली विवाहाविना जन्मलेला मारिओ खेड्यातील एका कुटुंबात वाढला. हे झाकून चरित्र सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पुढे हाच पुत्र त्यांचा उजवा हात झाला.

१९३९ साली मायलेक भारतात आले. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच मारिओला तेव्हाच्या अहमदनगर येथील छावणीत डांबण्यात आले. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याची सुटका झाली. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवेक येथे मारियाबाई निवर्तल्या. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

साधनांचा संच महाग पडतो, ही पालकांची तक्रार रास्त आहे. परंतु ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डी येथे आदिवासी मुलांसाठी परिसरातील साध्या वस्तूंचीच साधने केली होती. आणि बेलापूरकरांना तर दूर जावयास नको. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात-सात घरे आठ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती बांधलेली आहेत. चौरसाच्या चारही बाजू सारख्या असतात, हे तेथे मुलाला पावले मोजून शिकता येईल.