पालवणकर बाळू आणि इ. स. १९११ चा हंगाम

आंतरशालेय सामन्यांचे दिवस जवळ आले, म्हणजे उदगीरच्या विद्यार्थिवर्गांत पहिला वाद होतो तो कर्णधार कोण, याविषयीं. जो उत्तम खेळतो त्यास नेमावें, कीं वरच्या वर्गांतल्यास, कीं ज्याचें घर मोठें त्यास, यावर मधल्या सुटींत मोठी खडाजंगी उडते. हा वाद पोरकट आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या आयुष्यांत हाच प्रश्न दहा वर्षें ठाण मांडून बसला होता, आणि त्याचें उत्तर देतांना मुंबईंतील मोठमोठ्या सुशिक्षितांची त्रेधा उडाली. ते पुरुष म्हणजे हिंदुस्थानचे पहिले थोर गोलंदाज पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म इ. स. १८७० नंतरच्या दशकांत धारवाड येथें, चर्मकार कुटुंबांत झाला. हा समाज त्या काळीं अस्पृश्य मानला जाई. वडील लष्करांत नोकरीस असल्यामुळें मुलांचें बालपण पुण्याच्या आसपास गेलें. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे बाळूंचे धाकटे बंधु. चौघेही पुढें नांवाजलेले खेळाडू झाले. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू हींच या मुलांचीं पहिलीं साधनें होत.

घरची स्थिति बेताची, म्हणून बाळूंना लहानपणींच कामास लागावें लागलें. प्रथम पुण्यांतील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें व रूळ फिरविण्याचें काम त्यांना मिळालें. तेथून ते युरोपियनांच्या क्लबांत दरमहा ४ रुपयांवर गेले. रूळ ओढावा, चुन्याच्या रेघा माराव्या, जाळीं बांधावीं, आणि फुरसत मिळाल्यास साहेब लोकांना सरावासाठीं चेंडू टाकावे, असा नित्यक्रम असे. कप्तान ग्रेग नांवाचे नामांकित फलंदाज इतरांच्या आधीं येऊन एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देत, असें सांगतात. ही कथा खरी असेल तर महिन्यांत आठ वेळां साहेबांची यष्टी उडविली कीं पगार दुप्पट! अशा कसोटीवर त्यांचा हात बनला. मात्र तेथें त्यांच्या हातीं बॅट कोणी दिली नाहीं. चेंडू टाकणें हें चाकरमान्याचें काम आणि फटके मारणें हें साहेबांचें, अशी ती वांटणी होती.

बाळू डाव्या हाताचे मंदगति गोलंदाज होते. अशा गोलंदाजाचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या पुढ्यांत टप्पा घेऊन बाहेरच्या बाजूस वळतो, आणि खेळपट्टी ओलसर असली तर तो जमिनीस धरून असा कांहीं फिरतो, कीं भल्याभल्यांची बॅट हवेंतच राहते. बाळूंचा टप्पा ढळत नसे. शिवाय ते वेग असा चोरून बदलीत, कीं फलंदाजास तें चेंडू जवळ आल्यावरच उमजे.

पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांवर मात करावयाची होती, आणि ती करून देणारा गोलंदाज तर त्यांच्याच शहरांत रूळ ओढीत होता. येथें पहिली अडचण उभी राहिली. कांहीं सभासद त्यांना घेण्यास अनुकूल होते, कांहींना विटाळाची भीति होती. अखेर जिंकण्याच्या इच्छेनें भीतीवर मात केली व बाळू संघांत आले. परंतु मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातांतून इतरांच्या हातीं निःशंकपणें जाई, त्या चेंडूचा नियम चहास लागू नव्हता! सर्व खेळाडू आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यांतून मिळे. जेवणाचें ताट वेगळें, बसावयाची जागा वेगळी. चेंडूला विटाळ होत नाहीं आणि पेल्याला होतो, हें शास्त्र कोणत्या ग्रंथांत सांपडतें, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं. पुढें साताऱ्यास युरोपियनांच्या संघावर विजय मिळाला, तेव्हां मात्र न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषानें बाळूंचा जाहीर गौरव केला, आणि मग हळूहळू कांहीं पंगतींचे दरवाजे किलकिले झाले.

एकोणिसावें शतक संपण्याच्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथें रेल्वेंत नोकरी आणि हिंदु जिमखान्याकडून खेळ, असा क्रम सुरू झाला. इ. स. १९०६ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या मैदानावर हिंदु विरुद्ध युरोपियन असा प्रसिद्ध सामना झाला. हिंदूंनीं २४२ व १६० धांवा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धांवांत आटोपले. १०९ धांवांच्या या विजयांत बाळू आणि जलद गोलंदाज एरशा या दोघांचा वांटा सर्वांत मोठा होता. पुढच्या वर्षींही हिंदूंनींच बाजी मारली. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. तेव्हां या जयाचा आनंद केवळ खेळापुरता राहिला नाहीं, हें सांगावयास नकोच.

आतां आम्ही त्या हंगामाकडे वळतों, ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला आहे. इ. स. १९११ सालीं प्रथमच सर्व हिंदुस्थानचा म्हणून एक संघ इंग्लंडला गेला. आमचें उदगीर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत, बीदर जिल्ह्यांत होतें. हिंदुस्थान हा एक देश आहे ही गोष्ट अनेकांना नकाशावरही पटलेली नव्हती. अशा काळीं पारशी, हिंदु आणि मुसलमान खेळाडू एका शीख राजाच्या नेतृत्वाखालीं एकत्र निघाले, हेंच मोठें नवल. त्यांत बाळू होते आणि त्यांचे बंधु शिवरामही होते.

कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह. वय १९ वर्षांचें. त्याच वर्षीं २२ जून रोजीं लंडनमध्यें पंचम जॉर्ज बादशहांचा राज्याभिषेक झाला, आणि महाराजांचें मन मैदानापेक्षां मेजवान्यांत अधिक रमलें. मोजक्या सामन्यांनंतर ते खेळावयास आलेच नाहींत. इतकेंच नव्हे, तर संघांतील अग्रगण्य फलंदाज मिस्त्री हे महाराजांच्या पदरीं असल्यामुळें बहुतेक सामन्यांस तेही मुकले. कर्णधार नाहीं, मुख्य फलंदाज नाहीं, भोंवतीं परकी भूमि, आणि आठवड्यांतून दोन दोन तीन-दिवसीय सामने, अशी त्या संघाची अवस्था होती. त्यांतून त्या वर्षींचा इंग्लंडांतील उन्हाळा विलक्षण कडक निघाला. पावसानें ओलावलेल्या ज्या मऊ खेळपट्टीवर मंदगति गोलंदाजाचें राज्य चालतें, ती फारशी लाभेचना. कोरड्या, टणक जमिनीवर फलंदाजांचें फावलें.

हंगामाच्या पूर्वार्धांत पराभवामागून पराभव झाले. दुसरा कोणी असता तर त्याचा हात गळाला असता. बाळूंचा खांदा खरोखरच दुखत होता, तरी ते चेंडू टाकीत राहिले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एकाच डावांत त्यांनीं १०३ धांवांत ८ गडी बाद केले. पुढें लीस्टरशायरवर संघानें विजय मिळविला, तोही मुख्यत्वें बाळूंच्या गोलंदाजीवर. सॉमरसेटविरुद्धचा सामना तर शेवटच्या जोडीपर्यंत गेला. शिवराम यांनीं नाबाद ११३ धांवा केल्या आणि एक गडी राखून संघ जिंकला. एका बंधूनें गडी बाद करावे आणि दुसऱ्यानें धांवा काढाव्या, असा योग त्या हंगामांत अनेकदां आला.

एकंदर २३ सामन्यांपैकीं ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. असा हिशेब पाहून कोणी म्हणेल, हा हंगाम आठवावा तरी कशाला? परंतु त्याच हिशेबांत आणखी एक ओळ आहे. बाळूंनीं त्या सामन्यांत ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४ धांवांस एक. पस्तिशीच्या घरांत पोंचलेला, दुखऱ्या खांद्याचा, प्रतिकूल खेळपट्टीवर, हरणाऱ्या संघांतून खेळणारा हा गोलंदाज! संघाचें नेतृत्व नांवानें महाराजांकडे होतें; भार कोणाच्या खांद्यावर होता, हें या आंकड्यांवरून दिसतें. परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजांत त्यांच्याविषयीं मोठा अभिमान दाटून आला. त्या वेळीं एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकणारे भीमराव आंबेडकर हेही त्यांच्या चाहत्यांपैकींच.

आणि तरीही हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना मिळालें नाहीं. वर्षानुवर्षें अनुभव बाळूंचा, आणि नेमणूक दुसऱ्याची, असें चाललें. १९२० सालच्या चौरंगी सामन्यांच्या वेळीं हें शिगेस पोंचलें. बाळूंना प्रथम संघांतूनच वगळलें, आणि नेतृत्व देतांना विठ्ठल व शिवराम यांनाही डावललें. तेव्हां या दोघां बंधूंनीं खेळण्याचें नाकारून जाहीर पत्रक काढलें, व जातीमुळें आपणांवर अन्याय होत आहे हें उघड सांगितलें. लोकमत त्यांच्या बाजूस झुकलें. अखेर बाळूंना उपकर्णधार करून संघांत घेण्यांत आलें. आणि कर्णधार पै हे सामना चालू असतांना मुद्दाम कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले, ते अशासाठीं, कीं तेवढा वेळ तरी बाळूंनीं संघ चालवावा. पै यांचें हें वागणें सज्जनपणाचें होतें, यांत शंका नाहीं. पण ज्याचा हक्क पुरा होता त्यास घटकाभराचें दान मिळालें, हेंही विसरतां येत नाहीं. पुढें १९२३ सालीं विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखालीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले. विठ्ठल यांनीं आपल्या आठवणी ‘माझें क्रीडा-जीवन’ या मराठी पुस्तकांत लिहून ठेविल्या आहेत.

खेळ सुटल्यावर बाळू राजकारणांत उतरले. १९३२ च्या पुणें करारावर त्यांचीही सही आहे. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ असावे कीं संयुक्त, यावर त्यांचा व डॉ. आंबेडकरांचा मतभेद होता. एकेकाळचा चाहता आणि त्याचा आदर्श असे हे दोघे १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकींत परस्परांविरुद्ध उभे राहिले. बाळू काँग्रेसचे उमेदवार होते. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. कोणाचें मत योग्य होतें, याचा निवाडा आम्ही येथें करूं इच्छीत नाहीं. एवढें मात्र खरें, कीं या पराभवानें बाळूंचें नांव पुढच्या पिढीच्या ओठांवरून हळूहळू पुसट होत गेलें. अलीकडच्या काळांत इतिहासकारांनीं तें पुन्हां उजेडांत आणिलें.

पहिल्या दर्जाच्या अवघ्या ३३ सामन्यांत बाळूंनीं १७९ गडी बाद केले, दर गड्यामागें १५.२१ धांवा देऊन. हिंदुस्थान आपला पहिला कसोटी सामना १९३२ सालीं खेळला, तेव्हां त्यांनीं पन्नाशी ओलांडली होती. जुलै १९५५ मध्यें मुंबईंत ते निवर्तले.