चिंतामणराव देशमुख आणि कंपन्यांचे हिशेब

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. पुढे केंब्रिज, आय. सी. एस. आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद; त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. मेघदूताचे मराठी रूपांतर करणाऱ्या या संस्कृतज्ञाने कंपन्यांच्या ताळेबंदांतही तितकेच लक्ष घातले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९५० साली ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. त्या काळी पुष्कळ कंपन्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या हाती असे. भांडवल असंख्य लहान भागधारकांचे, सत्ता मात्र एखाद्या घराण्याची! कंपनीसाठी माल घेणारा आणि तिला तो विकणारा एकच असला, तर दूरगावी बसलेल्या भागधारकास त्याचा सुगावा लागावा कसा?

भाभा समितीच्या १९५२ च्या अहवालाच्या आधारे देशमुखांच्या कारकीर्दीत नवा कायदा झाला व १ एप्रिल १९५६ पासून अमलात आला. त्याची कलमे ६५८, वाचावयास रुक्षच. परंतु भाग विकण्यासाठी काढलेल्या माहितीपत्रकात असत्य छापणारा त्याने शिक्षेस पात्र ठरविला. हिशेबतपासनिसाच्या अहवालासह ताळेबंद सभेपूर्वी २१ दिवस भागधारकाकडे धाडणे बंधनकारक केले. ज्या करारात संचालकाचा स्वतःचा हितसंबंध असेल, तो त्याने संचालक मंडळापुढे उघड केलाच पाहिजे, असे ठरविले. असे करार सरसकट निषिद्ध नव्हते. ते अंधारात करण्यास मज्जाव होता. माझ्या मते कायद्याचे खरे मर्म येथेच आहे.

आयुर्विम्याच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागले नाही. विमेदारांच्या पैशाचा दुरुपयोग होत असल्याचे दिसून आल्यावर १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकुमाने २४५ विमासंस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. गंमत अशी की, कंपन्यांकडून उघडपणाची अपेक्षा धरणाऱ्या अर्थमंत्र्यांनी हा बेत अखेरपर्यंत गुप्त राखला होता. आधी बोभाटा होता, तर निधीला पाय फुटले असते.

त्याच वर्षी, मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर, त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. मॅनेजिंग एजंटांची पद्धती १९७० साली संपली होती. १९५६ च्या कायद्याची जागाही पुढे २०१३ च्या कायद्याने घेतली. सभेपूर्वी २१ दिवस हिशेब भागधारकांकडे धाडण्याचा नियम मात्र त्या नव्या कायद्यातही आला.